तीन मिनिटांचा डाव

बुद्धिबळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते हनुवटी तळहातावर टेकवून तासन् तास पटाकडे पाहत बसलेले दोन गृहस्थ. चहा निवून जातो, आतून जेवणाची हाक येते, पण डाव काही हलत नाही! आजच्या विद्यार्थ्याचे बुद्धिबळ मात्र या चित्रात बसत नाही. त्याचा पट मोबाइलच्या पडद्यावर उमटतो, त्याचा प्रतिस्पर्धी कधी बेळगावात असतो तर कधी ब्राझीलमध्ये, आणि दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत त्याचे दोन-तीन डाव सहज आटोपतात.

अशा ऑनलाइन खेळाडूंत एक वर्ग मोठा विलक्षण असतो. सावकाश डावात तो भल्याभल्यांना नमवतो. पण घड्याळावर तीन मिनिटे लागली की हाच खेळाडू जिंकत आलेले डाव घालवतो, कधी वजीर फुकट देतो, तर कधी मात दोन खेळ्यांवर असताना त्याची वेळ संपते. ज्ञान तेच, मेंदू तोच, मग हे असे का व्हावे? आणि त्यावर उपाय काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी परिभाषा. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून अधिक पण साठ मिनिटांहून कमी वेळ मिळत असेल तर तो जलद डाव, आणि दहा मिनिटे वा त्याहून कमी वेळ असेल तर तो अतिजलद, म्हणजेच ब्लिट्झ डाव. ऑनलाइन खेळात याच्याही पुढची पायरी आहे. एका मिनिटाच्या डावाला तेथे ‘बुलेट’ म्हणतात. हे केवळ पोरांचे खेळणे आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि किताबाचा निकाल जलद डावांनी लावला. २०२५ साली बातुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीवर मात केली, तीही दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटल्यानंतर, जलद डावांत. त्या विजयाबरोबरच ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचे फळ कधी कधी या थोड्या मिनिटांवर लटकलेले असते, हे उघड आहे.

घड्याळ हाही एक मोहरा

साधे गणित मांडून पाहू. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव ४० खेळ्यांचा धरला तर एका खेळीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. तोच डाव ६० खेळ्यांपर्यंत लांबला तर अवघे तीन. आता आपला बलवान खेळाडू बाराव्या खेळीवर एखादी सुंदर कल्पना दिसली म्हणून ४५ सेकंद विचार करीत बसला, तर त्याने डावाच्या भांडवलापैकी चौथा हिस्सा एकाच खेळीवर उधळला असे होते. ती खेळी कितीही उत्तम असो, पुढे तिची व्याजासकट वसुली होते. म्हणून शीघ्र डावात वेळेकडे मोहऱ्यासारखेच पाहावे लागते. एक प्यादे अधिक आहे पण प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक मिनिट कमी आहे, अशा स्थितीला वरचढ स्थिती म्हणता येईल का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या संदर्भात बॉबी फिशरची आठवण अपरिहार्य आहे. १९७० साली हर्सेग नोवी येथील अतिजलद स्पर्धेत त्याने २२ पैकी १९ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरील ताल त्याच्या साडेचार गुण मागे होता. प्रत्येक खेळीनंतर थोडे सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे एकस्व पुढे याच फिशरला १९८९ मध्ये मिळाले. आज ‘तीन अधिक दोन’ असे जे म्हणतात, ते याच तत्त्वावर. तीन मिनिटे मूळची आणि दर खेळीला दोन सेकंद वाढीव. चाळीस खेळ्यांच्या डावात यामुळे खेळीमागे साडेचारऐवजी साडेसहा सेकंद मिळतात. शिकण्याच्या दृष्टीने हाच प्रकार निवडावा. वाढीव सेकंद नसलेल्या डावात पुष्कळदा बुद्धिबळ संपते आणि बोटांची शर्यत सुरू होते.

डोळ्यांची ओळख

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साडेचार सेकंदांत माणूस विचार तरी किती करणार? खरे उत्तर असे की, तो फारसा विचार करीतच नाही, तो ओळखतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. (याच सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडायला सांगितली असता मातब्बर खेळाडूने सोळाच्या आसपास मोहरी बिनचूक ठेवली, नवशिक्याने चारच्या आसपास. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा मातब्बराची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. त्याच्या डोळ्यांना ओळखीचे पुंजके दिसत होते, जसे आपल्याला सुटी अक्षरे न दिसता शब्द दिसतात.

यातून सरावाची दिशा स्पष्ट होते. बलवान खेळाडूला कठीण कोडी सोडवण्याची आवड असते आणि दीर्घ डावासाठी ती आवश्यकही आहेत. परंतु शीघ्र डाव जिंकून देतात त्या सोप्या गोष्टी : शेवटच्या ओळीवरची मात, घोड्याने एकाच वेळी राजा आणि वजीर यांच्यावर धरलेला नेम, राजापुढे जखडून पडलेले मोहरे. अशी दोन-तीन खेळ्यांची कोडी रोज वीस मिनिटे, बिनचूकपणा न सोडता, सोडवावीत. पाढे पाठ असलेल्या मुलाला सात आठे किती हे मोजावे लागत नाही. येथेही तेच साधायचे आहे.

पहिल्या दहा खेळ्या

डावाची सुरुवात ही वेळ वाचवण्याची सर्वांत सोपी जागा. तरी पुष्कळ हुशार खेळाडू येथेच वेळ घालवतात, कारण त्यांना दहा प्रकारच्या सुरुवाती थोड्या थोड्या येतात. शीघ्र डावासाठी पांढऱ्या मोहऱ्यांनी एक आणि काळ्यांनी दोन एवढे भांडवल पुरते, पण ते पक्के हवे. उदाहरणार्थ, पांढऱ्यांकडून लंडन पद्धतीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवून त्या बाजूचा उंट लवकर बाहेर काढतात आणि मग प्याद्यांची भक्कम उतरंड रचतात. समोरच्याने काहीही केले तरी मांडणी फारशी बदलत नाही. राजापुढील प्याद्याला उत्तर म्हणून काळ्यांसाठी कॅरो-कान बचाव असाच मजबूत आहे. मात्र खेळ्यांची नुसती घोकंपट्टी उपयोगाची नाही. या मांडणीतून निघणाऱ्या मध्य डावात कोणते प्यादे केव्हा पुढे ढकलायचे, कोणता उंट टिकवायचा, हे समजले पाहिजे. दहा खेळ्या पंधरा सेकंदांत झाल्या आणि पुढची स्थितीही ओळखीची निघाली, तर उरलेला सारा वेळ खऱ्या लढाईला मिळतो.

‘पुरेशा चांगल्या’ खेळीचे महत्त्व

बलवान खेळाडूचे शीघ्र डावातील खरे दुखणे अज्ञान हे नसते. परिपूर्णतेचा हट्ट हे असते. दीर्घ डावाने त्याला सर्वोत्तम खेळी शोधण्याची सवय लावलेली असते. शीघ्र डावात मात्र दोन चांगल्या खेळ्यांतली कोणती अधिक चांगली, या विवंचनेत वीस सेकंद घालवणारा माणूस तोट्यात जातो. दोन खेळ्या सारख्याच वाटल्या तर त्यांतली सुरक्षित ती खेळावी आणि पुढे जावे.

मग वेळ खर्चावा कोठे? तीन प्रसंगी : राजा धोक्यात असताना, मोठ्या मोहऱ्यांची अदलाबदल करून डावाचे रूप बदलत असताना, आणि प्यादी भिडून मधला पट उघडत असताना. कारण या निर्णयांना मागे फिरता येत नाही. अशा जागी दहा-पंधरा सेकंद खुशाल द्यावेत. इतरत्र प्रत्येक खेळीपूर्वी एकच झटपट तपासणी पुरे : समोरच्याकडे शह आहे का, काही मारता येते का, कसली धमकी आहे का? शह, मारामारी, धमकी ही त्रिसूत्री अंगवळणी पडली की फुकट जाणाऱ्या वजिरांची संख्या झपाट्याने घटते. वेग आणि घाई यांतला फरक तो हाच. घाई ही तपासणी टाळते, आणि वेग ती एका सेकंदात उरकतो.

डावाचा शेवट

शीघ्र डावांचे शेवट बहुधा दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद उरले असताना खेळले जातात. तेथे नव्याने शोध लावायला सवड नसते. राजासमोर राजा आणून प्यादे अडवणे, हत्ती-प्याद्याच्या शेवटात फिलिडोरचा बचाव, एकट्या हत्तीने मात करणे, एवढ्या गोष्टी झोपेतून उठवले तरी करता आल्या पाहिजेत. फिलिडोरच्या बचावात बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेवर ठाण मांडतो आणि त्याचा हत्ती आपल्या बाजूने तिसरी ओळ राखतो. प्यादे त्या ओळीवर आले की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह देत राहतो. हे ज्याला ठाऊक आहे तो ही स्थिती सेकंदा-सेकंदाच्या खेळ्यांनी वाचवतो, ज्याला ठाऊक नाही तो अर्ध्या तासातही वाचवील याची खात्री नाही. आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. आपली वेळ संपली तरी समोरच्याकडे कोणत्याही वैध खेळ्यांनी मात करण्याइतके बळ उरले नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून वेळ कमी असताना शत्रूचे शेवटचे प्यादे टिपणे ही पुष्कळदा सर्वांत शहाणपणाची खेळी ठरते.

पडदा आणि बोट

ऑनलाइन खेळाची म्हणून काही निराळी कला आहे. प्रतिस्पर्ध्याची खेळी होण्यापूर्वीच आपली खेळी नोंदवून ठेवण्याची, म्हणजे आगाऊ खेळीची, सोय तेथे असते. तिने वेळ वाचतो हे खरे, पण समोरच्याने अनपेक्षित काही केले तर मोहरा थेट विहिरीत पडतो. समोरच्याला मोहरा परत मारण्यावाचून गत्यंतर नसेल, किंवा आपली खेळी कशानेही बिघडणार नसेल, तेवढ्याच वेळी ती वापरावी. प्याद्याचा आपोआप वजीर व्हावा अशी योजना आधीच करून ठेवावी. बोट घसरून हरलेल्या डावाचे दुःख मोठे असते, तेव्हा लहान पडद्यापेक्षा शक्य तेथे संगणक आणि माउस बरा.

मनाचा तोल

येथवर तंत्र झाले. परंतु वसतिगृहातल्या खोल्यांतून रात्री दोन वाजता जे घडते त्याचा तंत्राशी संबंध नाही. एक जिंकत आलेला डाव वेळेवर जातो, गुणांकन घसरते, आणि ते ‘परत मिळवण्यासाठी’ लगेच दुसरा डाव सुरू होतो. तो रागाने खेळलेला असल्यामुळे जातो, म्हणून तिसरा. पहाटेपर्यंत शंभर गुण आणि सकाळची पहिली तासिका, दोन्ही गेलेली असतात! जुगारी माणसाची मनःस्थिती याहून फार वेगळी नसते. यावर उपाय एकच, आणि तो पटाबाहेरचा आहे : बसण्यापूर्वीच डावांची संख्या ठरवावी, समजा आठ, आणि सलग दोन डाव हरताच उठावे. थकलेला मेंदू नवे काही शिकत नाही, तो चुकाच घट्ट करीत जातो.

डावानंतरचा डाव

आठ डाव खेळल्यावर त्यांतले दोन तरी तपासावेत. संगणक प्रत्येक खेळीचे मूल्यमापन क्षणात देतो, पण त्याच्या आकड्यांत वाहून जाऊ नये. तीनच प्रश्न विचारावेत : सुरुवातीची ओळखीची वाट कोठे सुटली? पहिली घोडचूक कोणती? आणि सर्वांत जास्त वेळ कोणत्या खेळीवर गेला, तो सार्थकी लागला का? बहुतेक संकेतस्थळांवर प्रत्येक खेळीचा वेळ नोंदलेला असतो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी मिळते. महिनाभर अशी टिपणे ठेवली तर आपला दोष एकच असून तोच वेष बदलून येतो, असे बहुधा आढळते.

शेवटी एक शंका उरते. नुसते शीघ्र डाव खेळून माणूस शीघ्र डावात तरबेज होईल का? काही मर्यादेपर्यंत होईल, पुढे नाही. डोळ्यांनी जे ओळखायचे ते आधी कधी तरी सावकाश पाहिलेले असावे लागते. डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तो दीर्घ डावांच्या बळावर. त्यावेळी जलद प्रकार ही त्याची दुबळी बाजू मानली जात होती. पण जुलै २०२५ मध्ये झाग्रेब येथे जलद डावांत १८ पैकी १४ गुण मिळवून तो पहिला आला. आणि विश्वनाथन आनंद, ज्याच्या वेगाची लहानपणापासून ख्याती, त्याने २०१७ साली रियाध येथे जागतिक जलद किताब पटकावला तो वयाच्या ४८ व्या वर्षी! बोटांची चपळाई हेच सर्वस्व असते, तर हे घडते ना.

म्हणून आठवड्यातून निदान दोन दीर्घ डाव खेळावेत, एखाद्या जाणत्या मित्रासमोर लाकडी पटावर बसून खेळता आले तर फारच उत्तम. तेथे साठवलेले शहाणपण तीन मिनिटांच्या डावात खर्चायला मिळते. परीक्षेच्या तीन तासांत तरी आपण दुसरे काय करतो? वर्षभर जे सावकाश वाचले, तेच तेथे भराभर कागदावर उतरते. आणि जे वाचलेच नाही ते कितीही वेगाने लिहिता येत नाही, हे आपणा विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.