अपडेट झाले आणि अ‍ॅप गेले

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. ते मोबाइल पोषण अभियानाखाली मिळाले होते आणि त्यांवरच्या 'कॅस' या अ‍ॅपमध्ये सेविका बालकांची वजने, उंची, आहाराच्या नोंदी भरत. मग ते अ‍ॅप बंद झाले आणि १ मार्च २०२१ पासून त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आले. २ जीबी रॅमच्या मोबाइलला ते पेलवेना. मोबाइल हँग होऊ लागले, तापू लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून जाऊ लागला. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांत आधीच रेंजची मारामार, त्यात अ‍ॅप इंग्रजीत. मराठीचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला.

काम तेच होते, मोबाइल तोच होता, नोंदी भरणारी बाईही तीच होती. बदलले होते ते फक्त सॉफ्टवेअर. एवढ्या एका बदलाने दोन-तीन वर्षांपूर्वीचे यंत्र निकामी ठरले.

घरोघरच्या टॅबचे आज हेच चालले आहे. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब आता जुने झाले. राज्य सरकारच्या 'महाज्योती' संस्थेने जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिलेल्या पहिल्या टॅबचेही वय होत आले. नाशिकमध्ये टॅब बिघडला की पाय आपोआप महात्मा गांधी रोडवरच्या प्रधान पार्ककडे वळतात. तिथल्या काउंटरवर गिऱ्हाइकाचे पहिले वाक्य ठरलेले असते : "काही केलं नाही हो, फक्त अपडेट मारलं." आणि दुकानदाराचे उत्तरही ठरलेले : "सॉफ्टवेअर मारावं लागेल. डेटा जाईल, चालेल का?"

चालणार तर नसतेच. मुलाच्या वहीचे फोटो, आजोबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, पैसे मोजून घेतलेला शब्दकोश किंवा चित्रकलेचे अ‍ॅप, सगळे त्यात असते. मग 'जाईल' म्हणजे नेमके काय जाते, आणि का जाते? याची उत्तरे चिपच्या आणि सॉफ्टवेअरच्या रचनेत आहेत. ती समजून घेतली तर निम्मे नुकसान टळते.

पहिली गोष्ट ही की अ‍ॅप स्वतःच्या बळावर चालत नाही. पडद्यावर अक्षर उमटवायचे, आवाज काढायचा, फाइल उघडायची, तर ते दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करते. त्या मागण्यांची भाषा आवृत्तीगणिक बदलत जाते. जुन्या मागण्या काही वर्षे चालवून घेतल्या जातात, नंतर बंद होतात. अ‍ॅप बनवणारा त्याप्रमाणे अ‍ॅप सुधारत राहिला तर ठीक. त्याने धंदा बंद केला असेल, तर तुम्ही मोजलेल्या पैशांचा त्या अ‍ॅपला काही उपयोग नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ सप्टेंबर २०१७ चे. त्या दिवशी अ‍ॅपलने आयओएस ११ आणले आणि ३२-बिटची सगळी अ‍ॅप एका फटक्यात बंद पडली. ३२-बिट प्रोसेसर मेमरीतल्या जागांना ३२ अंकी द्विमान पत्ते देतो. असे पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबी. त्यापलीकडची मेमरी एका अ‍ॅपला दिसतच नाही. ६४-बिटला ही अडचण नाही. पण दोन्ही प्रकारची अ‍ॅप चालवायची तर ऑपरेटिंग सिस्टिमला आपल्या बहुतेक अंतर्गत फाइलींच्या दोन-दोन प्रती सांभाळाव्या लागतात. त्याने साठवण खर्ची पडते, रॅम खर्ची पडते आणि हल्लेखोरांना शिरायला दुप्पट जागा मिळते. त्यामुळे निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होता. त्याच वर्षी आलेल्या ए११ चिपमधून तर ३२-बिट चालवण्याची सोयच काढून टाकली होती.

चुकले ते सांगण्यात. आयओएस १०.३ मध्ये बंद पडणाऱ्या अ‍ॅपची यादी होती. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स असे आत आत गेल्यावर ती दिसे. किती घरांत ती कुणी उघडून पाहिली असेल? अपडेटचे बटण मात्र पहिल्याच पडद्यावर लाल ठिपका लावून उभे असते. २०१३ चा आयपॅड एअर बाळगणाऱ्याने ते दाबले, अपडेट नीट पार पडले आणि जुन्या अ‍ॅपवर बोट ठेवताच संदेश आला की हे अ‍ॅप बनवणाऱ्याने ते अद्ययावत करायला हवे. चिन्ह जागेवर, आतली माहिती जागेवर, उघडायची वाट मात्र बंद.

अँड्रॉइडवरही हेच हळूहळू घडत आले आहे. अँड्रॉइड १४ पासून अँड्रॉइड ६ च्या आधीच्या मापाने बनलेली अ‍ॅप नव्याने बसवताच येत नाहीत. दोन वर्षांहून जुन्या आवृत्तीच्या मापाची अ‍ॅप नव्या उपकरणाच्या नव्या ग्राहकाला गुगल प्ले दाखवत नाही.

बरे, चुकून अपडेट केलेच, तर मागे का जाता येत नाही? टॅब सुरू होताना आतली चिप ऑपरेटिंग सिस्टिमवरची डिजिटल सही तपासते. आयपॅडवर कोणतीही आवृत्ती बसवायची तर त्या क्षणी अ‍ॅपलच्या सर्व्हरने तिच्यावर त्या विशिष्ट यंत्रासाठी सही करावी लागते. नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत जुनीवर सही करणे बंद होते. मग ती फाइल तुमच्या हातात असली तरी निरुपयोगी. अनेक अँड्रॉइड यंत्रांत याहून पक्का बंदोबस्त असतो. चिपमध्ये सूक्ष्म फ्यूज असतात. ठरावीक अपडेटच्या वेळी त्यातला एक विजेच्या झटक्याने कायमचा जाळला जातो. चिप किती फ्यूज जळले ते मोजते आणि त्याहून जुने सॉफ्टवेअर नाकारते. हे सुरक्षेसाठीच आहे. जुन्या आवृत्तीतली भगदाडे चोरांना पाठ असतात, आणि टॅब चोरून जुनी आवृत्ती बसवता आली असती तर कुलपाला अर्थ राहिला नसता.

त्याच सुरक्षेमुळे दुकानदार 'डेटा जाईल' म्हणतो, आणि तो खरेच बोलत असतो. आजच्या टॅबमधली साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली मुख्य चिपच्या आत, त्याच बोर्डशी बांधलेली असते. पूर्वी बिघडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला जोडली की फायली मिळत. टॅबची मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डवर बसवली तर मिळतात फक्त अर्थहीन आकडे. नव्याने सॉफ्टवेअर मारताना ती किल्ली पुसली जाते. त्यानंतर कुणी कितीही पैसे घेऊन 'रिकव्हर करून देतो' म्हणाले तरी विश्वास ठेवू नका.

म्हणजे भिस्त सगळी बॅकअपवर, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. 'बॅकअप ऑन आहे' याचा अर्थ सगळे जपले जात आहे, असा होत नाही. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप दर अ‍ॅपमागे २५ एमबीपर्यंतच माहिती घेतो. अ‍ॅप बनवणाऱ्याने नको म्हटले असेल तर तेवढीही घेत नाही. आयक्लाउडवर फुकट जागा मिळते ५ जीबी, आणि १८० दिवस नवा बॅकअप झाला नाही की जुना काढून टाकला जाऊ शकतो. कपाटात वर्षभर पडलेल्या आयपॅडच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवे. फोटो 'सिंक' होत असतील तर तो बॅकअप नव्हे. टॅबवर पुसलेला फोटो सिंकच्या नियमाने दुसरीकडूनही पुसला जातो.

आणि अ‍ॅप? ते या कोणत्याच बॅकअपमध्ये नसते. बॅकअपमध्ये असते फक्त नावांची यादी. नव्या टॅबवर ती यादी वाचून अ‍ॅप पुन्हा ऑनलाइन दुकानातून उतरवली जातात. दुकानात ते उरलेच नसेल तर यादीतले नाव तसेच राहते. पूर्वी आयट्यून्सच्या साह्याने विकत घेतलेल्या अ‍ॅपची फाइल आपल्या संगणकावर ठेवता येत असे. सप्टेंबर २०१७ च्या १२.७ या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. सामान्य माणसाच्या हातात असलेली अ‍ॅपची स्वतंत्र प्रत त्या दिवशी संपली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत अन्यायाचा भाग आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

कारण आपण विकत घेतो ती वस्तू नसते, वापराची परवानगी असते. ती एका खात्याला, एका देशाच्या दुकानाला जोडलेली असते. अमेरिकेतला मुलगा आपल्या तिकडच्या खात्यावरून नाशिकच्या आईला अ‍ॅप घेऊन देतो. पुढे तिचे खाते इकडचे झाले की ते अ‍ॅप तिचे राहत नाही. अ‍ॅपलने २०२१ च्या डिसेंबरात मृत व्यक्तीच्या खात्याला वारस नेमण्याची सोय केली. त्या वारसाला फोटो, चिठ्ठ्या मिळतात. विकत घेतलेली पुस्तके, गाणी, चित्रपट मिळत नाहीत. आजोबांचे कपाटभर ग्रंथ नातवाकडे जातात, त्यांची ई-पुस्तके जात नाहीत.

कधी कधी तर टॅबला हातही न लावता तो बाद होतो. ५ ऑक्टोबर २०११ ला मोठ्या अपेक्षेने आलेला स्वस्त भारतीय 'आकाश' टॅब अँड्रॉइड २.२ वर चालत होता. २७ सप्टेंबर २०२१ पासून गुगलने २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर खात्यात प्रवेश देणे बंद केले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, अनेक संकेतस्थळांची ओळख पटवणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले आणि नवे प्रमाणपत्र ठाऊक नसलेल्या जुन्या आयपॅडवर ती संकेतस्थळे उघडेनाशी झाली. बॅटरी चांगली, पडदा चांगला, पण बाहेरच्या जगाशी बोलणे संपले.

मग प्रत जपायची कशी? त्याचा एक उत्तम नमुना नाशिककरांच्या दाराशी, त्रिरश्मी लेण्यांत आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) कायम ठेव म्हणून ठेवले : २००० शेकडा मासिक एक दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४०, म्हणजे वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब अचूक आहे. त्याहून महत्त्वाचे हे की हे दान निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असेही लेखातच लिहिले आहे. एक नोंद दप्तरात, दुसरी डोंगरात. दप्तरातला फलक केव्हाच गेला. दगडातली प्रत आज आपण वाचतो.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. एक प्रत टॅबमध्ये, एक टॅबला थेट जोडता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. टिपणांच्या, हिशेबाच्या अ‍ॅपमधून माहिती पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येते. ती काढून ठेवली की अ‍ॅप मेले तरी माहिती वाचते. ज्या अ‍ॅपमधून काहीच बाहेर काढता येत नाही, त्यात मोलाचे काही भरूच नये, या मताचा मी आहे.

कायदा हळूहळू हलतो आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नवे मॉडेल विकायला आणणाऱ्या कंपनीला, त्याची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात. टॅबलाही हे लागू आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ही केवळ परवानगी आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल मालावर 'विकत घ्या' असे लिहिता येत नाही. भारतात २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल आले. त्यात सुट्या भागांची, वॉरंटीची माहिती आहे, पण इतकी वर्षे अपडेट द्या, अशी सक्ती नाही. जनतेच्या पैशातून लाखोंनी टॅब आणि मोबाइल घेणाऱ्या सरकारने निविदेतच ही अट घातली तर कंपन्या मुकाट्याने मानतील.

तोवर अपडेट टाळू नका. विशेषतः सुरक्षेचे छोटे अपडेट लगेच करा, कारण त्यांत अ‍ॅप सहसा जात नाहीत. मोठी, नव्या क्रमांकाची आवृत्ती आली की मात्र काही आठवडे थांबा आणि आपली महत्त्वाची अ‍ॅप तिच्यावर चालतात का ते पाहा. आज संध्याकाळी टॅबच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पडदा उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. ती मागच्या वर्षीची निघाली तर अपडेटच्या बटणाला हात लावण्याआधी फोटो पेनड्राइव्हवर उतरवा, आणि त्यातले दोन-चार दुसऱ्या यंत्रावर उघडतात याची खात्री करून घ्या. नवा टॅब घ्यायला गेलात तर रॅम आणि कॅमेऱ्याच्या आधी अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार ते विचारा, आणि दुकानदार जे साल सांगेल ते बिलावर लिहून घ्या.