गोठ्यातली जीप

महिंद्रांनी १९४०च्या दशकात मुंबईत जीपगाड्या जुळवायला सुरुवात केली. त्यातली एखादी जुनी पेट्रोलची जीप अजून कुणाच्या गोठ्यात धूळ खात असते. दहा वर्षं उभी असलेली जीप घरी चालू होईल का? होईल. पण घाई नको.

पोरं आधी नवी बॅटरी लावतात आणि चावी फिरवतात. तसं करू नये. उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात. उघड्या तारांना वीज मिळाली की ठिणगी पडते. आधी तारा पाहाव्या. जुनं पेट्रोल डब्यात काढून घ्यावं. त्या वेळी जवळपास बिडी नको, कंदील नको.

मग इंजिन. चारही प्लग काढावे. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिनचं तेल सोडावं. दोन दिवसांनी, गाडी गिअरमध्ये नसताना, पुढचं हँडल हळूच फिरवावं. अडलं तर जोर करू नये. पुन्हा तेल सोडून थांबावं. इंजिन चालू करायचं ते गाडी बाहेर ढकलून. बंद जागेत तो धूर जीव घेतो, माणसाचा आणि जनावराचाही.

इंजिन धडधडलं की सगळे म्हणतात, झाली गाडी! आम्ही म्हणतो, ब्रेक पाहिले का? ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं. आतून गंज चढतो, रबरं कडक होतात. या जुन्या जीपला चारही चाकांसाठी तेल एकाच पंपातून जातं. एका चाकाशी गळलं, तरी चारही ब्रेक जातात. रबरं, नळ्या, तेल, सगळं बदलावं; हे मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच. नंतर पायाने पॅडल दाबून धरावं. ते हळूहळू खाली जाऊ लागलं, तर गाडी दारातच राहू द्यावी.