आयर्लंडचे जुने भूमापन-नकाशे व त्यांच्या अंकीय प्रती

पोथीची नक्कल करतांना समासांतील मजकूर गाळूं नये, शेवटची पुष्पिका तर मुळींच सोडूं नये, हा नियम आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. लेखनकाल, लेखकाचें नांव, मूळ प्रतीचा ठावठिकाणा हें सर्व तेथेंच सांपडतें. परंतु हाच नियम नकाशांसही लागू आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या नकाशांचे स्कॅन करून त्यांच्या अंकीय प्रती संगणकावर ठेवण्याचें काम अलीकडे सर्वत्र चाललें आहे. आयर्लंडांत तें बरेंच पुढें गेलेलें आहे. तेथें काय साधलें व काय निसटलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. त्या देशाच्या मोजणीचा आपल्याकडील मोजणीशीं जो संबंध पोंचतो तो ओघानें पुढें येईल.

कागदपत्रांच्या नाशाचा आयर्लंडइतका कटु अनुभव फार थोड्या देशांस असेल. क्रॉमवेलच्या सैन्यानें तें बेट जिंकल्यावर जप्त जमिनींची वांटणी करण्यासाठीं विल्यम पेटी यानें १६५६ ते १६५८ या अवधींत मोठी मोजणी केली. ती ‘डाउन सर्व्हे’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचे मूळ नकाशे दोन आगींत नष्ट झाले. पहिली आग १७११ सालीं डब्लिन येथें लागली. दुसरी ३० जून १९२२ रोजीं, यादवी युद्धाच्या आरंभीं, तेथील ‘फोर कोर्ट्‌स’ या इमारतींतील सरकारी दप्तरखान्यास लागली, आणि डाउन सर्व्हेबरोबर शेंकडों वर्षांचें इतर दप्तरही भस्म झालें. मग आज पेटीचे नकाशे पाहावयास मिळतात ते कोठून? बॅरनीवार नकाशांचा एक संच १७०७ सालीं लंडनकडे जात असतां फ्रेंचांनीं समुद्रांत पकडला. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत सुखरूप राहिला. बाकीच्या नकला निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेल्या होत्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील संशोधकांनीं त्या हुडकून २०१३ सालीं अंकीय रूपानें एकत्र मांडल्या. धन्याच्या घरचें जळावें आणि शत्रूनें लुटून नेलेलें वांचावें, हा योग विलक्षण खरा. परंतु नकला जितक्या ठिकाणीं विखुरलेल्या तितकें मूळ अधिक सुरक्षित, हें त्यावरून सहज कळतें.

आमचा मुख्य विषय मात्र याच्या पुढचा आहे. १८२४ सालीं टॉमस कॉल्बी याच्या अधिपत्याखालीं आयर्लंडच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’स प्रारंभ झाला. कराची आकारणी समतोल व्हावी म्हणून प्रत्येक टाउनलँडची सीमा व क्षेत्रफळ निश्चित करणें हा तिचा हेतु होता. टाउनलँड म्हणजे तेथील जमीनमोजणीचा सर्वांत लहान घटक. तो सरासरी सुमारें ३२५ एकरांचा असतो व त्यांची एकंदर संख्या ६० हजारांहून अधिक भरते. एवढें बारीक काम दाखविण्यासाठीं मैलास सहा इंच हें प्रमाण ठरलें. सर्व मोजणीचा पाया म्हणून १८२७-२८ सालीं लॉक फॉइल या खाडीच्या कांठीं सुमारें आठ मैलांची आधाररेषा मोजण्यांत आली. उन्हानें धातूची पट्टी वाढते व माप चुकतें. हा दोष टाळण्यासाठीं कॉल्बीनें पितळ व लोखंड यांच्या पट्ट्या अशा युक्तीनें जोडल्या कीं, दोन्ही कमीअधिक वाढल्या तरी टोंकांच्या दोन बिंदूंमधील अंतर दहा फूटच राहावें. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा मुख्य जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर विलायतेस गेला असतां १८२९ सालीं ही मोजणी पाहण्यास मुद्दाम आयर्लंडांत गेला, आणि परत येतांना तशाच पट्ट्या घेऊन आला. त्यांनींच कलकत्त्याची (१८३१-३२) व पुढें आपल्या शेजारच्या बेदर येथील (१८४१) आधाररेषा मोजली गेली. दक्षिणेंतील जुन्या मोजणीचे नकाशे ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांचा लॉक फॉइलशीं संबंध आहे तो असा.

सहा इंची नकाशांचे सुमारें १९०० ताव १८३३ ते १८४६ या काळांत काउंटीवार प्रसिद्ध झाले. लंडनडेरी काउंटी प्रथम, केरी शेवटीं. प्रत्येक ताव सहा मैल लांब व चार मैल रुंद प्रदेशाचा. ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले होते. ताम्रपट म्हटला कीं आमच्या वाचकांस दानशासनें आठवतील. येथें मात्र ताम्रपट हा छापण्याचा ठसा होय.

या तावांचें मोल त्यांच्या काळामुळें फार वाढलें आहे. शेवटचा ताव निघतो न निघतो तोंच बटाट्याच्या पिकावर रोग पडून १८४५ पासून मोठा दुष्काळ सुरू झाला. १८४१ च्या शिरगणतींत जी वस्ती सुमारें ८२ लक्ष होती ती १८५१ सालीं सुमारें साडेपांसष्ट लक्षांवर आली. लक्षावधि मेले, लक्षावधि परदेशीं गेले, वाड्याच्या वाड्या ओस पडल्या. त्यांतील झोंपड्या सहा इंची तावावर एकेक काळ्या ठिपक्यानें दाखविलेल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांचा दुसरा पुरावाच उरलेला नाहीं. स्थलनामांची गोष्टही तशीच. जॉन ओडोनोव्हन हा विद्वान् १८३४ पासून गांवोगांव हिंडून प्रत्येक नांवाचा आयरिश उच्चार, जुन्या ग्रंथांतील रूपें व इंग्रजी लेखन यांची छाननी करीत असे. त्याचीं पत्रें रॉयल आयरिश अकॅडमींत जतन केलेलीं आहेत, आणि पाठभेदांचा विचार कसा करावा याचा तीं वस्तुपाठच होत.

आतां अंकीय प्रतींकडे वळूं. आयर्लंडच्या भूमापन खात्यानें आपले जुने ताव स्कॅन करून एकमेकांस जोडले आहेत, व सर्व देश एका अखंड पटासारखा सरकवून पाहतां येतो. ही सोय अमोल आहे. तिच्यावांचून दूरच्या अभ्यासकानें १९०० ताव कसे चाळावे? परंतु ताव जोडतांना त्यांचे समास कापावे लागतात, आणि मोजणी कोणत्या वर्षीं झाली, पत्रा कोणत्या वर्षीं कोरला, दुरुस्ती केव्हां झाली, हें सर्व समासांतच छापलेलें असतें. सांधा दिसेनासा झाला कीं शेजारचे दोन ताव भिन्न वर्षांचे आहेत हेंही दिसेनासें होतें. पोथीचीं पानें सलग चिकटवून पुष्पिका फेंकून द्यावी तसा हा प्रकार होय.

यामुळें चूक कशी होते तें पाहा. लंडनडेरी व तिच्या आसपासच्या उत्तरेकडील काउंट्यांचे ताव प्रथम निघाले तेव्हां शेतांचे बांध दाखवावयाचे नाहींत असें धोरण होतें. पुढें तें बदललें व दक्षिणेकडील तावांवर बांध आले. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें उत्तरेचा पहिला ताव व दुरुस्त आवृत्ति शेजारीं ठेविली, तर मधल्या काळांत तेथें शेतांस बांध पडले असें तो बेधडक लिहून जाईल. बांध पूर्वींही असूं शकतील. नवीन आहे तें धोरण. तसेंच मैलास एक इंच या प्रमाणाचे ताव: मूळ पत्र्यावर आगगाडीचा मार्ग मागाहून कोरून तो पुन्हा छापीत, आणि बाकीचा नकाशा जुनाच राही. समास नसेल तर एकाच तावांतील दोन काळ वेगळे करणें कठीण.

दुसरी अडचण कागदाची. ताम्रपटावरून छापतांना कागद ओला करीत. वाळतांना तो आंखडे, तोही उभा-आडवा सारखा नव्हे. म्हणून स्कॅन जमिनीवर बसवितांना चारच कोपरे जुळवून भागत नाहीं. चर्चचीं शिखरें, रस्त्यांचे फांटे अशीं न बदललेलीं ठिकाणें घेऊन मधूनमधून जुळणी करावी लागते. त्यांतच प्रत्येक काउंटीचा नकाशा स्वतंत्र मूळबिंदूपासून मांडलेला, व काउंटीच्या सीमेपलीकडील कागद कोरा सोडलेला. तेव्हां सीमेवरील दोन ताव एकमेकांशीं नीट जुळत नाहींत हा स्कॅन करणाराचा दोष नव्हे. घडीसाठीं तुकडे करून कापडावर चिकटविलेल्या प्रती तर फार फसव्या: तुकड्यांमधील फटी तशाच स्कॅन झाल्या तर प्रत्येक फटीगणिक जमीन वाढते. संग्रहांत अखंड ताव असेल तर तोच घ्यावा.

स्कॅन किती बारीक करावा, असें आम्हांस विचारण्यांत येतें. इंचास ४०० बिंदू घेतले तर सहा इंची तावावरील एक बिंदु जमिनीवर सुमारें ६७ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फूट भरतो. झोंपडी व बांध ओळखण्यास एवढें पुरे. ३६ इंच लांब व २४ इंच रुंद कागदाचे तेव्हां १३ कोटी ८२ लक्ष बिंदु होतात, व रंगीत प्रतीस सुमारें ४१ कोटी बाइट जागा लागते. काटकसरीसाठीं दाब देऊन लहान केलेली प्रत वापरण्यास ठेवावी. जतनाची प्रत तशी करूं नये. हातानें रंगविलेला ताव रंगांतच स्कॅन करावा. वरील अखंड पटावर रंगीत व बिनरंगी असे दोन्ही थर ठेविले आहेत, हें योग्यच झालें.

खाजगी संग्राहकांच्या कामाचा उपयोगही थोडा नव्हे. आयर्लंडांत सरकारी नकाशांचा स्वामित्वहक्क ५० वर्षांनीं संपतो. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश युद्धखात्यानें छापलेले आयर्लंडचे ताव असे मोकळे झालेले आहेत. ते स्कॅन करून, जमिनीवर बसवून, ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या स्वयंसेवकांनीं टाउनलँडच्या सीमा एकेक करून रेखाटल्या. १९२२ नंतर देशाचे व म्हणून भूमापनाचेही दोन भाग झाले. सहा काउंट्यांचें काम बेलफास्टकडे गेलें. त्यामुळें एके काळीं एकाच मालेंतील ताव आज दोन सरकारांच्या दोन निरनिराळ्या पटांवर पाहावे लागतात. डब्लिनकडील खातें १ मार्च २०२३ पासून जमीन-नोंदणी व मूल्यमापन या खात्यांसह एका नव्या राष्ट्रीय संस्थेंत विलीन झालें आहे. सीमेवरच्या गांवाचा अभ्यास करणारानें दोन्हीकडील ताव, समासांसह, मागवून घ्यावे.