सहलीची फिल्म : एकाच गिऱ्हाइकाचा माल

लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा धंदा नांदेड-लातूरकरांना नवा नाही. व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून आपल्या भागातील कितीतरी तरुणांची घरे कॅमेऱ्यावर चालत आली आहेत. कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली आणि आता फिल्म पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर दिली जाते. या धंद्याचे एक दुखणे मात्र कायम आहे. सराई संपली की कॅमेरा कपाटात जातो. रमजानमध्ये निकाह फारसे होत नाहीत, चातुर्मासात हिंदू बांधवांची लग्ने थांबतात, आणि घरखर्च मात्र बाराही महिने चालूच असतो. आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे दुकानही याच सराईवर चालते, म्हणून हे दुखणे आम्हाला चांगले समजते.

या धंद्याला एक जोड देता येईल, ती म्हणजे लोकांच्या सहली चित्रित करून देणे. यात कमाई आहे, पण हिशेब चुकला तर मेहनत पाण्यात जाण्याची भीतीही आहे. तो हिशेब आज वाचकांसमोर मांडत आहोत.

बर्फावरचा धंदा

युरोपात आल्प्स पर्वतावर लोक हिवाळ्यात आठवड्याच्या सुटीवर स्कीइंगला, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला, जातात. तिथे कॅमेरेवाले शिकाऊ मंडळींची तुकडी घसरत येताना चित्रित करतात आणि सुटी संपण्यापूर्वी त्यांना फिल्म विकतात. ती विकली जाण्याचे कारण साधे आहे. घसरणाऱ्याचे दोन्ही हात काठ्यांत अडकलेले असतात, त्यामुळे स्वतःचे चित्रीकरण त्याला करता येत नाही. दुसरे असे की तुकडीत दहा जण असले तर एका चित्रीकरणाला दहा गिऱ्हाइके मिळतात.

पुढे या धंद्याला धक्का बसला. अमेरिकेतील निक वुडमन यांनी २००२ साली कंपनी काढली आणि २००४ साली गोप्रो नावाचा अंगावर बांधायचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. लाटांवर स्वार होताना स्वतःचे चित्र घेता यावे, ही त्यांची मूळ गरज होती. पुढे अशा छोट्या कॅमेऱ्यांनी व्हिडिओही घेता येऊ लागला आणि लोक तो टोपीवर बांधून फिरू लागले. पण टोपीवरच्या कॅमेऱ्यात समोरचा डोंगर दिसतो, टोपी घालणारा दिसत नाही. स्वतःला लांबून पाहायचे असेल तर दुसऱ्याच्या हाती कॅमेरा द्यावाच लागतो.

आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग हे स्कीइंगचे मोठे ठिकाण. तिथला दोरीमार्ग १९९८ साली कोंगडोरीपर्यंत सुरू झाला आणि २००५ साली अफरवटच्या उंचीवर पोहोचला. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण समुद्र आहे. मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग करणाऱ्या पर्यटकांना पाण्याखालची फिल्म दिली जाते आणि तिचे पैसे बहुतेक ठिकाणी डायव्हिंगच्या दरातच धरलेले असतात. पाण्याखाली नवख्या माणसाला स्वतःचा श्वास सांभाळता सांभाळता पुरेवाट होते, तो मोबाइल कुठून काढणार? धंद्याचे मर्म इथेच आहे. ज्या वेळी माणसाचे हात गुंतलेले असतात, किंवा घरातल्या सर्वांनाच चित्रात यायचे असते, तेव्हाच कॅमेरेवाल्याची गरज पडते. बाकी वेळी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहेच.

नांदेडात गिऱ्हाईक कोण?

गुरू गोविंदसिंहजींचे देहावसान १७०८ साली नांदेडला झाले. तेव्हापासून देशभरातील शीख यात्रेकरूंचा ओघ या शहराकडे आहे. २००८ साली गुरुतागद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली, त्या निमित्ताने शहरात रस्ते, घाट व विमानतळाची कामे झाली. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस भरून येते, परदेशी स्थायिक झालेली कुटुंबेही येतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत पंधरा माणसे एकत्र आली तर फोटो काढणारा एक जण नेहमी चित्राबाहेर राहतो. अशा कुटुंबाला गोदावरीचा घाट, बाजारपेठ आणि मुक्काम यांची दहा मिनिटांची नीटनेटकी फिल्म नक्कीच हवीशी वाटेल. मात्र जिथे चित्रीकरणास मनाई असेल तिथे कॅमेरा बंदच ठेवावा. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाचा अदब राखणाऱ्यालाच त्या गल्लीत पुन्हा काम मिळते.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे शाळा. कंधार, उदगीर, औसा येथील किल्ले आणि खरोशाची लेणी इथे सहली जातात. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे नांदेड-लातूरहून काश्मीर, मनालीकडे निघणाऱ्या गट सहली. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतो, तो क्षण त्याला घरी दाखवायचा असतो.

माल पडून राहिला तर?

आता मुख्य गोष्ट. आमच्या दुकानात ईदला एखादे थान विकले गेले नाही तर ते दिवाळीला जाते, दिवाळीला राहिले तर सेलमध्ये निघते. अगदीच काही नाही तर कटपीस म्हणून जाते. कापडाला हजार गिऱ्हाइके असतात. पण एखाद्या कुटुंबाच्या सहलीची फिल्म त्या कुटुंबाशिवाय जगात कुणालाही नको असते. त्यांनी नाही म्हटले की मालाची किंमत शून्य.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपण आधी न विचारता दहा कुटुंबांचे चित्रीकरण केले, फिल्म तयार केली आणि तिघांनी प्रत्येकी ३,००० रुपयांना घेतली. हाती ९,००० आले, पण मेहनत दहा फिल्मांची झाली. म्हणजे एका फिल्मला ९०० रुपये पडले. याउलट चारच कुटुंबांकडून आधी ठरवून २,००० रुपयांप्रमाणे काम घेतले तर ८,००० आले आणि मेहनत चारच फिल्मांची. भाव कमी असूनही मजुरी दुपटीहून जास्त पडली. म्हणून नियम असा की आधी ठराव, मग बयाणा आणि त्यानंतरच चित्रीकरण. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी व उरलेली फिल्म देताना.

याहून चांगला मार्ग म्हणजे एकाच मालाला अनेक गिऱ्हाइके करणे. आल्प्समधील तुकडीचे गणित तेच आहे. चाळीस माणसांच्या बसची एकच फिल्म केली, प्रत्येकाचा चेहरा त्यात आला आणि तीस जणांनी ३०० रुपये दिले, तर ९,००० रुपये होतात. ही रक्कम सहल नेणाऱ्याने बुकिंगच्या वेळीच घेतली तर उधारीचा प्रश्नच उरत नाही. सहल संपल्यावर घरोघरी वसुलीला फिरण्यात काय हाल होतात, ते कापडवाल्यांना विचारा!

साधने आणि हुन्नर

सुरुवातीला मोठे भांडवल घालू नये. लग्नाचे काम करणाऱ्याकडे कॅमेरा असतोच. नवख्याने चांगला मोबाइल, हात स्थिर ठेवणारे गिंबल आणि कॉलरला लावायचा माइक एवढ्यावर आरंभ करावा. बाकी सामान गरजेपुरते भाड्याने आणावे. आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. आजोबांचे दोन शब्द स्पष्ट ऐकू आले तर कुटुंब ती फिल्म वर्षानुवर्षे जपते.

बर्फावर जाणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पांढरे काही समोर आले की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि बर्फ राखाडी दिसतो. पांढऱ्या लट्ठ्याचा फोटो काढला तरी हेच होते. तेव्हा उजेड हाताने थोडा वाढवावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवाव्यात. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत बंद ठेवावा, नाहीतर भिंगावर दव धरते.

साठवणीचा हिशेबही करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने चित्रीकरण केले तर तासाला ४५ जीबी जागा लागते. प्रत्येक कामाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कापड जळाले तर मिलमधून दुसरे येते, पण गेलेली सहल परत येत नाही.

कायदा आणि अमानत

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची असते. म्हणजे गिऱ्हाइकाची फिल्म त्याला न विचारता आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकता येत नाही. सिनेमाची गाणीही परवानगीशिवाय जोडू नयेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाच्या प्रमाणपत्रातून सूट दिली आहे, पण विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि नांदेडचा विमानतळ शहरालगतच आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाई लावण्यापूर्वीही परवानगी विचारावी.

कायद्याच्या पुढची गोष्ट विश्वासाची. घरातील स्त्रिया व मुले यांची चित्रे ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. काय चित्रित करायचे, कोणाला दाखवायचे आणि किती दिवसांनी आपल्याकडील प्रत पुसायची, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. अनेक कुटुंबांना पुरुष कॅमेरेवाला नको असतो आणि म्हणून ती फिल्मच करत नाहीत. आपल्या मुलींनी कॅमेरा व संकलन शिकले तर हे गिऱ्हाईक त्यांचेच आहे. ही वाट आज बरीचशी मोकळी आहे.

ज्यांना हे काम करून पाहायचे असेल त्यांनी सुटीचा हंगाम सुरू होण्याआधी दोन सहल-चालक आणि एका शाळेची भेट घ्यावी. घरच्याच एखाद्या सहलीची पाच मिनिटांची फिल्म नमुना म्हणून सोबत न्यावी. कापड दाखवल्याशिवाय कोणी भाव विचारत नाही. एका बसचे काम मिळाले, ठरलेल्या दिवशी फिल्म हाती पडली आणि कबूल केलेल्या भावात एका रुपयाचा फरक पडला नाही, तर पुढच्या बसचे गिऱ्हाईक तीच माणसे आणून देतील.