पोटरीतली कळ आणि लाल डोळे

१९३०च्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या, उरण तालुक्यातील चिरनेरचे नाव जानेवारी २०२५मध्ये कोंबड्यांमधील बर्ड फ्लूमुळे पुन्हा वर्तमानपत्रांत आले. तो आजार विषाणूचा होता आणि बाधित पक्षी नष्ट करून त्याला आवर घालता येतो. पनवेल-उरणच्या भातपट्ट्यात पावसाळ्यात संभवणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजेच बोलीतला ‘लेप्टो’, मात्र जिवाणूजन्य असून अधिक छुपा आहे; कारण हे मळसूत्री आकाराचे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात त्यांना आजारी न पाडता राहतात, मूत्रावाटे खाचरात उतरतात आणि लावणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून वा जखमांतून शरीरात शिरतात. गुरे, डुकरे व कुत्री यांच्यापासूनही त्यांचा प्रसार होतो.

संसर्गानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून एकाएकी जोराचा ताप भरतो, डोके असह्य ठणकते आणि कंबर व पोटऱ्या अशा दुखतात की डॉक्टरांनी पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो. डोळे लालबुंद होतात, पण डोळे आल्यावर येतात तशी चिपडे सहसा येत नाहीत, आणि तापासोबत दिसणारी पोटरीदुखी व लाल डोळे ही जोडी निदानाच्या दृष्टीने मोलाची असते. दुर्दैव असे की, दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्याला कंबर-पोटऱ्यांचे दुखणे कामाच्या शिणवट्याचेच वाटते आणि उपचारांचे मोलाचे दिवस अंगावर काढण्यात जातात.

बहुसंख्य रुग्ण बरे होतात. काहींचा ताप उतरून पुन्हा चढतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. थोड्यांना मात्र कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे व रक्तस्राव हे तिन्ही गाठतात; आजाराच्या या रूपाला १८८६मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या जर्मन वैद्याच्या नावावरून वाइलचा आजार म्हणतात. त्यातली कावीळ डोळ्यांत भरते, तरी जिवावर बेतते ते प्रामुख्याने मूत्रपिंडांचे आणि फुफ्फुसांतील रक्तस्रावाचे संकट, म्हणून लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसताच रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. डायलिसिसच्या आधाराने हा काळ निभावला, तर मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत काम करू लागतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली आणि हा आजार शहरी वाचकालाही कळला. ओळख झाली तरी निदान सोपे नसते: रक्तातील प्रतिद्रव्ये शोधणारी चाचणी पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे संशय बळकट असल्यास अहवालासाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके सुरू केली जातात. हा संशय डॉक्टरांना यावा यासाठी, गेल्या पंधरवड्यात रुग्ण चिखलात उतरला होता का आणि पायाला जखम होती का, हे घरच्यांनी आपणहून सांगणे अत्यंत आवश्यक असते.