विश्लेषण : रूझवेल्ट यांनी माहान यांना लिहिलेल्या ‘खासगी’ पत्रात काय होते?

परमुलुख जिंकण्यासाठी अमेरिका युद्ध करणार नाही, अशी ग्वाही राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांनी ४ मार्च १८९७ रोजी शपथविधीच्या भाषणात दिली. त्यांच्याच नौदल खात्यातील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी थिओडोर रूझवेल्ट दोन महिन्यांत नेमके उलटे लिहीत होते. अर्थात, खासगीत.

कोणाला आणि काय लिहिले?

आल्फ्रेड थेयर माहान हे निवृत्त नौदल कॅप्टन. समुद्रावर सत्ता असेल तरच राष्ट्र मोठे होते, हा सिद्धान्त मांडणारे त्यांचे १८९० मधील पुस्तक युरोपातही गाजले होते. ३ मे १८९७ च्या पत्रात रूझवेल्ट त्यांना सांगतात, की माझ्या हाती असते तर हवाई बेटे उद्याच ताब्यात घेतली असती. आधी झेंडा रोवावा, तपशील मागाहून पाहावेत. निकाराग्वातून कालवा काढावा, डझनभर नव्या युद्धनौका बांधाव्यात, त्यातल्या निम्म्या पॅसिफिक किनाऱ्यावर ठेवाव्यात. आपले वरिष्ठ, नौदलमंत्री जॉन लाँग, आरमार वाढवण्याबाबत थंड आहेत, अशी तक्रारही त्यात आहे. पत्र पूर्णपणे खासगी समजावे, इतके मोकळेपणाने आपण सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांच्याखेरीज कोणाशीच बोलत नाही, असेही ते बजावतात. मंत्र्याच्या हाती हे पत्र पडले असते, तर रूझवेल्ट यांची खुर्ची टिकणे कठीण होते.

कागदावरचे प्रत्यक्षात कसे आले?

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. दहा दिवसांनी लाँग दुपारी कार्यालयाबाहेर पडले. तेवढ्यात रूझवेल्ट यांनी कमोडोर जॉर्ज ड्यूई यांना तार धाडली : ताफा हाँगकाँगला न्या, कोळसा भरून ठेवा, युद्ध पुकारले गेल्यास फिलिपिन्सवर चाल करा. लाँग चिडले, पण ड्यूई यांना दिलेला आदेश त्यांनी मागे घेतला नाही. १ मे रोजी ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पेनचा ताफा नष्ट केला.

एका माणसाने एका दुपारी साम्राज्य उभे केले, ही गोष्ट चवीने सांगितली जाते. ती अर्धीच खरी. मनिलावरील हल्ल्याची योजना नौदलात १८९६ पासूनच तयार होती. पत्रांतून दिसते ते वेगळेच : ती वापरायला उत्सुक असलेली माणसे एकमेकांना आधीच ओळखून होती.

आणि हवाईचे लोक?

त्यांनीही १८९७ मध्येच लिहिले, पण उघडपणे. विलीनीकरणाविरोधातील अर्जावर २१ हजारांहून अधिक स्थानिकांनी सह्या केल्या आणि त्यांचे प्रतिनिधी तो घेऊन वॉशिंग्टनला गेले. विलीनीकरणाचा करार सिनेटमध्ये अडला. मात्र मनिलानंतर, जुलै १८९८ मध्ये, दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने ठराव करून बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली. तो अर्ज आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.