अध्यक्षपद मिळाले, मतदान टळले

घानाचे अलेक्स क्वेसन-सॅकी १९५९मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशाचे कायम प्रतिनिधी झाले आणि डिसेंबर १९६४मध्ये आमसभेचे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी अध्यक्ष. मान मोठा, वेळ मात्र अवघड!

शांतिसेनांचा खर्च उचलायला सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने नकार दिला होता. थकबाकीदारांचा मताधिकार काढा, असा अमेरिकेचा आग्रह. पेच चिघळू नये म्हणून त्या अधिवेशनाचे बहुतेक कामकाज मतदान टाळून, सहमतीने रेटावे लागले.

१९६५मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. फेब्रुवारी १९६६मध्ये घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता उलथवली. सोबत असलेल्या क्वेसन-सॅकींना एन्क्रुमांनी आदिस अबाबाच्या परिषदेला धाडले. पण तिथे न जाता ते लंडनमार्गे आक्राला परतले.

१९७८मध्ये ते अमेरिकेत घानाचे राजदूत झाले.